एकतिसाव्या कलमाचं तिसरं पोटकलम

सरकारांनी जर्मनीशी युद्ध पुकारलं तेव्हा त्यांच्या खालचा हत्ती लीद टाकत होता. दोन्ही कामं एकदमच उरकली.

एकोणीसशे एकोणचाळीसचा दसरा होता. सीमोल्लंघनाला रायघोळ संस्थानातला यच्चयावत माणूस शिवेवरच्या आपट्याखाली जमलेला. विलायतेत लढाई जाहीर होऊन दीडेक महिना झाला होता, म्हणजे आमचे श्रीमंत रणनवरे सरकार तसे उशिराच पोचले होते. पण उशीर भरून काढायची त्यांची रीत ठरलेली होती. आवाज चढवायचा. अंबारीत उभे राहून, एका हाताने दांडी घट्ट धरून ते गरजले, "आजपासून रायघोळ आणि जर्मनी यांचं वैर! आमचं खासं पथक सातासमुद्रापार जाईल आणि शत्रूला पाणी पाजून येईल!"

लोकांनी जयजयकार केला. सरकार काहीही बोलले तरी लोक जयजयकार करत. ती सवयच होती. माझ्या शेजारी प्रजासभेचे एक सभासद, लतीफभाई तांबोळी उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "पथक म्हणजे आपले ते एक्केचाळीस?"

"तेच."

"मग देवीच्या पालखीला खांदा कोण देणार?"

प्रश्न अगदी रास्त होता. खासं पथक म्हणजे एक्केचाळीस माणसं. पालखी उचलणं, राजवाड्याच्या दारावर पेंगणं आणि पाहुणे आले की बंदुका खांद्यावर घेऊन ताठ उभं राहणं, एवढीच त्यांची कामं. त्या बंदुका शेवटच्या उडाल्या युवराजांच्या जन्माच्या वेळी, आणि त्यात राजवाड्याच्या कौलांखेरीज कोणालाही इजा झाली नव्हती. आता हे वीर म्हणे इंग्रजांच्या पलटणींबरोबर वाळवंटात जाऊन रणगाड्यांशी लढणार होते.

हत्तीच्या बाजूने सोपान बनकर चालत होता. वीस वर्षांचा, पथकातला सगळ्यांत उंच, म्हणून सरकारांवर अब्दागिरी धरायचं काम त्याच्याकडे. त्याचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. त्याची आई, तानूमावशी, गर्दीत समोरच उभी होती. सगळे सरकारांकडे पाहत होते आणि ती एकटी माझ्याकडे. मला काही ते लक्षण ठीक वाटलं नाही.

माझं नाव यशवंत कारखानीस. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि प्रजासभेचा चिटणीस होतो. पुण्याला वकिली करून पाहिली होती. दोन वर्षांत माशा पुष्कळ मारल्या, अशील एक मिळालं, तेही चुकून माझ्याकडे आलेलं. म्हणून गावी परतलो. आदल्या वर्षी सरकार गुडघ्यांच्या उपचारासाठी स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. गुडघे होते तसेच राहिले, पण तिथल्या एका गावात लोक चौकात जमतात आणि हात वर करून कायदे करतात, हे पाहून सरकार बेहद्द खूश झाले. आल्या आल्या मला बोलावणं. "कारखानीस, तुम्ही वकील ना? आपल्याला एक राज्यघटना पाहिजे. पंधरा दिवसांत."

पंधरा दिवसांत धड गोधडी शिवून होत नाही. मी पुण्याहून जगभरच्या राज्यघटनांचं एक जाडजूड पुस्तक पैदा केलं आणि त्यातून नेटाने उतरवायला बसलो. एक कलम इकडचं, एक तिकडचं. झोपेच्या तारेत आरमाराच्या सरसेनापतीची नेमणूकसुद्धा उतरवली. रायघोळला समुद्र नव्हता. एक ओढा होता, तो जानेवारीत आटायचा. दिवाण रावबहादूर ओगल्यांनी बाराव्या कलमापर्यंत वाचलं, कारण बारावं कलम दिवाणांच्या अधिकारांचं होतं. ते त्यांना आवडलं आणि पुढचं त्यांनी मान डोलवून मंजूर केलं. सरकारांनी सही ठोकली. सगळी चौसष्ट कलमं वाचलेलं माणूस रायघोळात मीच, आणि मीही ती विसरून गेलो होतो.

असं मला वाटत होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होतो, तोच तानूमावशी दारात येऊन उभी राहिली.

तानूमावशी म्हणजे गावची सुईण. अर्धं रायघोळ तिच्या हातावर जन्मलेलं. युवराज पायाळू होते, ते तिने सुखरूप आणले, म्हणून सरकारांनी तिला प्रजासभेवर नेमलं होतं. सतरा सभासदांत बाई ती एकटी.

"वकीलसाहेब, एकतिसावं कलम काय म्हनतं?"

माझ्या तोंडात राखुंडी. मी नुसताच हुंकारलो.

तिने पदर सावरला आणि एकादशीची पोथी म्हणावी तशा चालीवर म्हणून दाखवलं, "'प्रजासभेची संमती घेतल्याखेरीज राजाने युद्ध पुकारू नये.' तुमीच लिवलंय न्हवं?"

मी चूळ भरली. "मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"मला कुटलं! मास्तरला रोज सांजच्याला बोलवायची, म्या वाल सोलायची, त्यो वाचायचा. सभासद झालो म्हंजी पोथी पाठ पायजे का नगो? चौसष्टच्या चौसष्ट हाईत. म्हनू?"

"नको, नको."

"मग सरकारनी आमाला न इचारता लडाई कशी पुकारली?"

मी तिला ओसरीवर बसवलं आणि समजूत घालू लागलो. म्हटलं, "मावशी, काही कलमं शोभेची असतात. आरमाराचंही कलम आहेच की."

"शोभंची?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर वळवली. "मग मला देवीम्होरं शपथ कशापायी घ्याला लावलीसा? शोभंसाठी?"

मी तोंड पुसू लागलो. मग तीच म्हणाली, "सोपान कालपास्नं दोरीनं पायाचं माप घेत हिंडतोय. पथकाला बूट मिळनार हाईत म्हनं. जल्मात पायात कधी काय घातलं न्हाई त्येनं. दुनियेची पोरं जगवली म्या, साहेब. माझी सोताची पाच. चार गेली. ह्यो एकच ऱ्हायला, आन् त्यो असा नाचत निघालाय."

मी शहाणा असतो तर तिला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण ती रडली असती तर निभावलं असतं. ती रडत नव्हती, कलम म्हणत होती, आणि कलम माझं होतं. मी कपडे चढवून दिवाणांकडे गेलो.

दिवाण ओगले तपकीर ओढत बसले होते. "एकतिसावं कलम?" ते म्हणाले, "हो, हो, ते मला ठाऊकच आहे. त्याचं काय?" ते वाचलेलंच नव्हतं, त्यामुळे काय ते मला सांगावं लागलं. ऐकता ऐकता त्यांची चिमूट नाकापाशी थबकली. "गाढवपणा आहे हा तुमचा. हे सरकारांच्या कानावर घालायची गरज नाही."

पण मागच्या दालनात सरकार होतेच. त्यांच्या कानावर गेलं होतं. ते लंगडत बाहेर आले. मला वाटलं, झालं, आता आपलं काही खरं नाही. पण सरकार एकदम खुशीत दिसले. "अहो, उत्तमच आहे! सभा भरवा. सगळे सभासद हात वर करून संमती देताहेत, असा फोटो काढून इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाला पाठवू. त्या देवरुळकरानं पन्नास माणसं दिली आणि नऊ तोफांची सलामी पटकावली. फोटो दिलाय का त्यानं? आपण फोटो देऊ!"

शेजारच्या देवरुळ संस्थानाचे राजे हे आमच्या सरकारांचं जुनं गळू. ते मध्ये आलं की पुढे बोलण्यात अर्थ नसे. आठवड्याने सभा ठरली. कोल्हापूरहून फोटोग्राफर मागवला.

प्रजासभेला स्वतःची इमारत नव्हती. ती सरकारांच्या नाटकगृहात रंगमंचावर भरे. मागे बागेचा पडदा सोडलेला, त्यात कारंजं आणि दोन मोर, आणि त्यांच्यापुढे सतरा सभासद बाकांवर. अध्यक्ष दिवाण. राजाने सभेत बसू नये असं सातवं कलम होतं, तेही कुठल्या तरी परक्या देशातून आलेलं, म्हणून सरकार खाली प्रेक्षकांत पहिल्या रांगेत कोचावर बसत. त्यांच्या मागे सोपान, गरज नसताना अब्दागिरी धरून. मधल्या वाटेत फोटोग्राफर तिपाईवर कॅमेरा रोवून काळ्या फडक्यात डोकं घालून तयार होता.

दिवाणांनी ठराव मांडला. लतीफभाईंनी हात वर केला तसा फोटोग्राफर सरसावला. पण त्यांना नुसतं विचारायचं होतं.

"जर्मनी लांब आहे का?"

"फार लांब," दिवाण म्हणाले.

"मग ते इकडे यायच्या आधी आपण तिकडे कशाला जायचं? आणि आपली माणसं गेली की देवरुळकरांची माणसं आपल्या म्हशी नेणार. आत्ता पथक असताना नेतात."

हशा पिकला. दिवाणांनी मेजावर हात आपटला. मग आबाजी इनामदार उठले. इनामदार म्हणजे सरकारांचे खास. सरकार शिंकले तर हे नाक पुसणार. चार तरणेताठे मुलगे, चौघेही दिवसभर माडीवर पत्ते कुटत. इनामदारांनी पाऊण तास भाषण केलं. पूर्वजांच्या तलवारी काढल्या, रक्ताच्या नद्या काढल्या, आणि शेवटी गळा काढून म्हणाले, "रायघोळच्या घराघरातून एकेक वीर निघो! आईनं हसत हसत ओवाळून पाठवो!"

बाकांवरचे लोक सरकारांकडे पाहू लागले. सरकार प्रसन्न दिसत होते. मला कळून चुकलं, हात वर जाणार. नेमलेले सभासद सरकारांच्या मर्जीतले आणि निवडून आलेले सरकारांच्या कुळातले. समोर राजा बसलेला असताना हात खाली ठेवायला छाती लागते, आणि ती सतरांपैकी फार तर दोघांत होती.

"संमती असणाऱ्यांनी—" दिवाणांनी सुरुवात केली.

"जरा दम," तानूमावशी उठून उभी राहिली. "इनामदार, लई ग्वाड बोललासा. तुमच्या थोरल्याची नाळ म्याच कापली. दोन दीस रडला न्हवता त्यो. त्येलाबी बुटाचं माप घ्या म्हनावं."

"मुद्द्याचं बोला, तानूबाई," दिवाण म्हणाले.

"मुद्द्याचंच हाय." तिने डोळे मिटले आणि पोथीच्या चालीवर सुरू केलं, "कलम एकतीस. 'प्रजासभेची संमती घेतल्याखेरीज राजाने युद्ध पुकारू नये.' पोटकलम तीन. 'जो सभासद युद्धास संमती देईल, त्याने स्वतः अगर त्याच्या थोरल्या मुलाने पथकाच्या पहिल्या फळीत सामील व्हावे.'"

वाल सोलता सोलता चौसष्ट कलमं घोटून बाईची कायद्याची भाषा इतकी पक्की झाली होती, की क्षणभर मलाही वाटलं, मीच लिहिलं असणार.

"असं पोटकलम आहे?" इनामदारांचा आवाज चिरकला.

नाही म्हणणार कोण? नाही म्हणायला वाचलेलं असावं लागतं. सोळा सभासदांनी घटनेवर आंगठे आणि सह्या केल्या होत्या, पण उघडली एकानेही नव्हती. दिवाणांच्या कपाळावर घाम आला. "आहे... म्हणजे, असावं. कारखानीस, तुम्ही चिटणीस. वाचून दाखवा."

घटनेची मूळ वही माझ्यापुढे मेजावर होती. मी एकतिसावं कलम काढलं. पानाच्या माथ्यावर एक ओळ होती, 'प्रजासभेची संमती घेतल्याखेरीज राजाने युद्ध पुकारू नये.' त्याच्या खाली काही नव्हतं. आरमाराचं बत्तिसावं कलम मोठं म्हणून मी ते पुढच्या पानावर घेतलं होतं. बाकी सगळं पान कोरं. पोटकलम तीन तर नव्हतंच, पण एक आणि दोनही नव्हतं.

मी मान वर केली. तानूमावशी माझ्याकडे पाहत होती, दसऱ्याला पाहत होती तशीच. तिच्या मागे पडद्यावरचे मोर. समोर कोचावर सरकार, त्यांच्या मागे सोपान, आणि सोपान आपल्याच अनवाणी पायांकडे बघत उभा. नसलेलं वाचलं तर बनावट दस्त, विश्वासघात, आणखी काय काय. वकील असल्याने मला सगळी कलमं पाठ होती, ती मात्र. नाही वाचलं तर त्या पोराला बूट मिळणार. मी काही शूर माणूस नाही. घरात पाल निघाली तर मी बायकोला हाक मारतो. त्या वेळी माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही.

"कलम एकतीस," मी वाचायला लागलो. आवाज खणखणीत निघाला. "पोटकलम एक. संमती हात वर करून द्यावी. पोटकलम दोन. हात वर करणाऱ्याचे नाव चिटणिसाने तत्काळ लिहून घ्यावे. पोटकलम तीन. जो सभासद युद्धास संमती देईल, त्याने स्वतः अगर त्याच्या थोरल्या मुलाने पथकाच्या पहिल्या फळीत सामील व्हावे."

मग मी कोरा कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला आणि नावं लिहायला सरसावून बसलो.

"संमती असणाऱ्यांनी हात वर करावेत," दिवाण खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. ते स्वतः सभासद नव्हते, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"हं, सगळ्यांनी हात वर! आणि हलवायचे नाहीत!" फडक्याआडून फोटोग्राफर ओरडला.

एकही हात हलला नाही. लोकांनी हात मांडीखाली दाबले. कोणी काखेत घातले. इनामदारांचा उजवा हात सवयीने अर्धा वर गेला होता, तो त्यांनी तसाच पगडीकडे वळवला आणि पगडी नीट असताना नीट केली. लतीफभाई आढ्याकडे पाहत होते आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

फोटोग्राफरने डोकं बाहेर काढलं. "साहेब, हात कोणी वर करणार आहे का? का असाच काढू?"

सरकारांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "कारखानीस, वही आणा इकडे."

रंगमंचाच्या पायऱ्या पाच होत्या. त्या मी एकेक मोजून उतरलो. मी वही उघडी करून सरकारांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. पान पाहिलं. उलटवलं. आरमाराचं कलम वाचलं. पुन्हा मागे आले आणि त्या कोऱ्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले. मागून सोपानही वाकून पाहत होता. पण त्याला अक्षर येत नव्हतं.

"बरोबर वाचलंत," सरकार म्हणाले आणि वही मिटली. "दिवाणसाहेब, ठराव पडला. काय करणार, कायदाच तसा आहे."

ते उठले आणि काठी टेकत निघून गेले. फोटोग्राफरने फोटो काढलाच नाही.

सभा पांगली. पडद्यामागे तानूमावशी भिंतीला धरून उभी होती. मी दबक्या आवाजात तिच्यावर खेकसलो, "मावशी, असलं खोटं बोलायचं होतं तर आधी सांगायचं तरी!"

"आधी सांगितलं असतं तर तुमी वाचलं असतंसा व्हय? आजारी पडला असतासा." हे खरं होतं. मग मी पाहिलं, तिने भिंत अजून सोडलेली नव्हती. मला वाटलं होतं ही बाई भीत नाही. "साहेब, त्येनी पान बगितलं. आता काय हुईल?"

"तुम्हाला काही होणार नाही. वाचलं मी."

"बोलले म्या." तिने नाक पुसलं. "बुडालो तर दोगंबी एकाच व्हडीत."

दुपारी चारला राजवाड्यातून बोलावणं आलं, घटनेची वही घेऊन या म्हणून. बायकोने चार भाकऱ्या आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून दिली. तुरुंगात पहिल्या दिवशी जेवण देत नाहीत असं तिने कुठे तरी ऐकलं होतं. भाकऱ्या काखेत मारून मी गेलो.

सरकार एकटेच होते. पितळी घंगाळात गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. "या," ते म्हणाले. "ते फडक्यात काय आहे?"

"भाकऱ्या, सरकार."

"कशाला?"

मी सांगितलं. सरकार पोट धरून हसले. मग हसू ओसरलं आणि त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. "फार कोरं पान आहे हो तुमचं, कारखानीस."

मी सरळ पायच धरायला वाकलो, पण पाय घंगाळात होते. "सरकार, चूक झाली."

"चूक कसली? फौजदारी आहे ही. किती वर्षं होतील?"

"सात, सरकार."

"सात." ते पाण्यात पाय हलवत राहिले. "आज सकाळी मी सभेला निघालो तर सोपाननं मला विचारलं, 'सरकार, थितं ऊन लई असतंय म्हनं. तुमच्यावर अब्दागिरी म्याच धरनार न्हवं?' मी म्हटलं, हो रे, तूच. बोलून गेलो आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पोराला वाटतंय मी त्यांच्याबरोबर चाललोय. त्या एक्केचाळीसही जणांना तसंच वाटतंय. राजा पुढे आणि ते मागे. म्हणून तर ती सगळी इतकी खुशीत आहेत. मला वाटत होतं बुटांसाठी." ते थांबले. "आणि मी कुठे असणार होतो? इथे. या घंगाळात पाय घालून."

रागावलेल्या सरकारांची तयारी करून आलो होतो. हे सरकार मी कधी पाहिलेच नव्हते.

"मग सरकारांनीच ठराव मागे—"

"कसा घेणार? दसऱ्याला चारचौघांत गरजलो. मला तोंड आवरत नाही, हे वर्षभरात तुमच्या ध्यानात आलं नाही? राजाला दिलेला शब्द मागे घेता येत नाही म्हणतात. सभेत बसल्या बसल्या मनात देवाला म्हणत होतो, एक तरी माणूस नाही म्हणू दे. एक तरी. सतरा माणसं जमवलीत मी, सगळी मान डोलवणारी. शेवटी एक सुईण उभी राहिली आणि एक भित्रा वकील. वाचताना घाबरला होतात ना?"

"फार, सरकार."

"दिसत होतं." त्यांनी वही माझ्याकडे परत दिली. "बसा. तिन्ही पोटकलमं लिहून काढा. शाई तीच वापरा, दिवाणांनी उद्या पान उघडलं तर नवं दिसता कामा नये. आता तरी ते वाचतील."

"आणि एजंटसाहेबांना काय कळवायचं?"

"कळवा, राजा एका पायावर तयार आहे, पण सभा ऐकत नाही. त्यांच्याकडेही पार्लमेंट आहे. समजेल त्यांना."

तोफांची सलामी रायघोळला कधीच मिळाली नाही. देवरुळची पन्नास माणसं गेली, त्यांतली एकोणीस परत आली. पण ते कळायला पाच वर्षं होती. त्या दुपारी मी खाली मांडी घालून बसलो, गुडघ्यावर वही घेतली आणि तिन्ही पोटकलमं जपून, माझ्याच जुन्या अक्षरात लिहिली. मी टाक खाली ठेवणार तेवढ्यात सरकार म्हणाले, "अजून एक. चौथं."

"सांगावं, सरकार."

त्यांनी पाय घंगाळातून बाहेर काढले. सुजलेले, लालभडक झालेले पाय. त्यांच्याकडे पाहतच ते सावकाश सांगू लागले आणि मी लिहू लागलो. "युद्धास संमती मिळाल्यास राजाने पथकाच्या सर्वांत पुढे, पायी चालावे. राजा आजारी असो, वृद्ध असो, सबब चालणार नाही." श्वास घेऊन ते म्हणाले, "त्या पोराला मी हो म्हटलंय ना. म्हणजे ते खोटं नको राहायला. लिहिलंत?"

"लिहिलं, सरकार."

"वाचा."

मी वही डोळ्यांजवळ धरली. या खेपेला सगळं कागदावर होतं, पहिल्या पोटकलमापासून चौथ्यापर्यंत, ओळीन् ओळ. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.